परीक्षा आणि मैदान

घरातल्या मुलाची अंतिम परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी काय बंद होते, हे आपण आठवून पाहा. टीव्ही बंद होतो, पाहुण्यांचे येणे-जाणे थांबते आणि बॅट माळ्यावर जाते. कोणी गात असेल तर तंबोऱ्याला गवसणी चढते. नाटकाच्या तालमीला जाणाऱ्या मुलीला सांगितले जाते, ‘आता तीन महिने ते सगळे विसर.’ सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, यात शंका नाही. ऐकणारा ‘हो’ म्हणतो. पण विसरत नाही. पुस्तक समोर उघडे असते आणि पुस्तकाच्या आड मोबाइलवर सामना चालू असतो. दाराशी पाऊल वाजले की सामना उशीखाली जातो. तिथून एक नवेच दुखणे सुरू होते. ते अभ्यासाचे नसते आणि खेळाचेही नसते, ते लपवण्याचे असते.

एका माणसाला एकाच वेळी दोन गोष्टींची मनापासून ओढ असू शकते का? आणि असली, तर त्यातली एक कर्तव्य आणि दुसरी मोह, असा निवाडा तेवढ्यावरच देऊन टाकावा का? साधनेची, संयमाची भाषा बोलणारे आपण लोक हा निवाडा फार घाईने देतो, असे मला अनेकदा वाटते. ज्यातून मार्क मिळतात, पगार मिळतो ते कर्तव्य. ज्यातून केवळ आनंद मिळतो तो मोह. हा हिशेब सोपा आहे, पण तो बरोबर आहे का?

हा प्रश्न नीट दिसावा म्हणून मी आपल्याला शंभर वर्षे मागे आणि बरेच दूर, अमेरिकेत नेणार आहे. तिथे एक तरुण कायद्याचे शिक्षण घेत होता आणि त्याचा जीव बेसबॉलमध्ये होता. त्याच्या आयुष्यात परीक्षा आणि खेळ यांची टक्कर मनातल्या मनात होत नव्हती, ती सरळ दिनदर्शिकेवर होत होती. म्हणून त्याची गोष्ट उपयोगी पडते.

त्याचे नाव मो बर्ग. जन्म १९०२ चा, न्यूयॉर्कमधला; वाढला शेजारच्या नेवार्क शहरात. वडील युक्रेनमधून आलेले ज्यू गृहस्थ. परक्या देशात, परक्या भाषेत त्यांनी औषधांचे दुकान उभे केले. अशा घरात शिक्षणाला काय स्थान असते, हे आपल्याला समजावून सांगायला नको. मुलाने शिकावे, प्रतिष्ठेचा व्यवसाय करावा, एवढीच आस. मुलगाही विलक्षण बुद्धिमान निघाला. १९२३ मध्ये तो प्रिन्स्टन विद्यापीठातून भाषांचा अभ्यास पुरा करून उत्तम श्रेणीत बाहेर पडला. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन यांच्या जोडीला तो संस्कृतही शिकला होता! त्याच विद्यापीठाच्या संघात तो शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळे. विरोधी खेळाडूंना कळू नये म्हणून तो आणि त्याचा एक सहकारी मैदानावर एकमेकांना लॅटिनमधून इशारे देत. अभ्यास एका खोलीत आणि खेळ दुसऱ्या खोलीत, अशी भिंत त्याच्या मनात नव्हती, हे या एका गोष्टीवरून कळते.

पदवी मिळाल्यावर तो व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरला आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्याच्या वर्गात दाखल झाला. इथे टक्कर सुरू झाली.

आपल्याकडे बेसबॉल फारसा परिचित नाही, म्हणून थोडे सांगतो. क्रिकेटचा कसोटी सामना पाच दिवस चालतो. बेसबॉलचा सामना दोन-तीन तासांत संपतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या काळी प्रत्येक मोठ्या संघाचे हंगामात १५४ सामने होत. हंगाम एप्रिलच्या मध्यास सुरू होई आणि सप्टेंबरअखेरपर्यंत चाले. त्याआधी, थंडी सरता सरता, दक्षिणेच्या उबदार प्रदेशात सराव शिबिर असे. नव्या खेळाडूची निवड, जागा, सगळे त्या शिबिरात ठरे. आणि कायद्याचे वर्ष? ते शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे. म्हणजे शिबिराच्या वेळी वर्ग भरात असत आणि हंगामाचे पहिले सामने सुरू होत तेव्हा अंतिम परीक्षा दारात उभी असे. यात दोन्हीकडे थोडे थोडे भागवून घेण्याची सोयच नव्हती.

१९२६ साल. बर्ग शिकागोच्या व्हाइट सॉक्स या संघाशी बांधलेला होता. मोठ्या संघात पाय रोवण्याची संधी समोर होती. त्याने संघाला कळवले, ‘माझे कायद्याचे पहिले वर्ष चालू आहे. मी सराव शिबिराला येणार नाही आणि हंगामाचे पहिले दोन महिनेही येणार नाही.’ शब्द माझे आहेत, पण कळवले ते हेच. तो २८ मे रोजी संघात दाखल झाला. तोवर इतरांनी जागा पटकावल्या होत्या. त्या वर्षी १५४ पैकी त्याच्या वाट्याला अवघे ४१ सामने आले आणि त्यांतही बॅटने फारसे काही घडले नाही.

वर्ष संपले. तो पुन्हा कोलंबियाच्या वर्गात जाऊन बसला. आता संघाचे मालक चार्ल्स कोमिस्की यांनी त्याला जास्त पैसे देऊ केले. अट एकच, पुढच्या शिबिराला वेळेवर यायचे. बर्गने नकार दिला आणि १९२७ च्या हंगामालाही आपण उशिरा येणार, असे सांगून टाकले. मात्र त्याने आणखी एक गोष्ट केली. नोएल डाउलिंग नावाचे त्याचे एक प्राध्यापक होते. त्यांच्याकडे जाऊन त्याने आपली अडचण जशी होती तशी मांडली. प्राध्यापकांनी तोड सुचवली. शरद ऋतूतल्या सत्रात जादा विषय घे, मग पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, तुला रजा मिळावी म्हणून मी अधिष्ठात्यांशी बोलतो.

वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबू या. हा मुलगा दोन घरांचा पाहुणा होता आणि दोन्ही घरांत त्याने दुसऱ्या घराचे नाव घेतले. संघाला ठाऊक होते की हा वकिलीचा विद्यार्थी आहे. प्राध्यापकांना ठाऊक होते की हा चेंडू खेळतो. आपण काय करतो? महाविद्यालयात आजारपणाचे प्रमाणपत्र देतो आणि स्पर्धेला जातो. संघाच्या प्रशिक्षकाला सांगतो की आजी आजारी आहे आणि पेपर देऊन येतो. घरी सांगतो, ‘ग्रंथालयात होतो.’ प्रत्येक वेळी वाटते, काय बिघडले? पेपरही झाला, सामनाही झाला. वेळेचा हिशेब तर जुळला!

हिशेब वेळेचा जुळला, चित्ताचा जुळत नाही. लपवून खेळणारा मैदानावर पूर्ण नसतो. त्याचा एक कान घरच्या फोनकडे असतो. लपवून न खेळणारा, म्हणजे केवळ धाकाने पुस्तकासमोर बसलेला, पुस्तकात पूर्ण नसतो. दोन्ही ठिकाणी शरीर हजर आणि मन फरार. मग आपण म्हणतो की माझी एकाग्रता कमी आहे आणि एकाग्रतेचे उपाय शोधत हिंडतो. कोणी पहाटे उठायला सांगते, कोणी श्वासावर लक्ष ठेवायला. ते उपाय चांगलेच आहेत. पण ज्याच्या मनात एक खोटे राखण ठेवून बसले आहे, त्याची अर्धी शक्ती त्या राखणीतच खर्च होते. तोल सांभाळणे म्हणजे तासांची वाटणी, असे आपण समजतो. बर्गची गोष्ट वाचल्यापासून मला वाटू लागले आहे की हा प्रश्न तासांचा कमी आणि सत्याचा जास्त आहे. ज्याचा आपल्यावर हक्क आहे त्याला खरे सांगता येते का? येत असेल, तर त्या आवडीला मोह म्हणण्याची घाई करू नये. येत नसेल, तर ती गोष्ट आपण कशासाठी करतो आहोत, खेळासाठी की केवळ पुस्तकापासून पळण्यासाठी, हे एकदा तपासून घ्यावे. परीक्षेच्या आदल्या रात्री अचानक उफाळून येणारे आणि परीक्षा संपताच ओसरणारे क्रीडाप्रेम आपल्यापैकी कोणाला परिचयाचे नाही?

आपण म्हणाल, हे बोलणे सोपे आहे. सगळ्यांना डाउलिंग सर भेटत नाहीत. एका मुलासाठी विद्यापीठ वेळापत्रक हलवत नाही आणि निवड चाचणी एका मुलीसाठी आठवडाभर थांबत नाही. खरे आहे. बर्गसाठीही १९२६ मध्ये कोणी थांबले नव्हते. खरे सांगण्याचे फळ म्हणजे सवलत, असे मी म्हणत नाही. अनेकदा त्याचे फळ म्हणजे नुकसानच असते. जागा जाते, संधी जाते. फरक इतकाच की ते नुकसान आपण उघड्या डोळ्यांनी, आधी सांगून पत्करलेले असते. मग ते दुसऱ्या कोणाच्या माथी मारावे लागत नाही. ‘तुमच्यामुळे माझे खेळणे बुडाले’ असे आई-वडिलांना आयुष्यभर ऐकवणारी माणसे आपण पाहिली आहेत. आणि ‘खेळापायी माझे शिक्षण गेले’ असे म्हणत खेळालाच शिव्या देणारीही.

आता बर्गच्या गोष्टीतला तो भाग, जो प्रेरणादायी भाषणांत सहसा गाळला जातो. १९२९ मध्ये त्याची वर्गाबरोबर पदवी व्हायला हवी होती. ती झाली नाही. तो एका विषयात नापास झाला. विषय होता पुराव्याचा कायदा. (आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचाही हा विषय घाम फोडणारा. दीडशे वर्षे ते १८७२ चा कायदा पाठ करत आले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि कलमांचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून पाठ करणे नशिबी आले.) सात भाषा शिकलेला, प्रिन्स्टनचा नामवंत विद्यार्थी नापास झाला, ही गोष्ट लहान नव्हती. त्याच वर्षी तो वकिलीच्या सनदेची न्यूयॉर्क राज्याची परीक्षा मात्र उत्तीर्ण झाला होता. आणि गंमत पाहा, त्याच १९२९ मध्ये तो मैदानावर आयुष्यातला सर्वोत्तम हंगाम खेळला. १०७ सामने, आणि तेही कॅचर म्हणून. कॅचरचे काम आपल्या यष्टिरक्षकासारखे, पण त्याहून जबाबदारीचे. प्रत्येक चेंडू कसा टाकायचा, हे तो पिचरला बोटांच्या खुणांनी सुचवतो. ही जागाही त्याच्याकडे योगायोगाने आली होती. १९२७ मध्ये संघाचे कॅचर एकामागून एक जखमी झाले आणि बर्ग यष्टींमागे, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘प्लेट’मागे, जाऊन बसला.

तर मग हा तोल साधला म्हणायचा की बिघडला? मैदानाकडून पाहिले तर साधला, वर्गाकडून पाहिले तर बिघडला. मला त्यापुढचे महत्त्वाचे वाटते. सनद मिळवण्याची परीक्षा तो आधीच उत्तीर्ण झाला होता आणि वर्तमानपत्रांत नाव झळकत होते. पुराव्याचा तो एक पेपर सोडून दिला असता तर कोण विचारणार होते? पण तो विषय त्याने पुन्हा घेतला आणि २६ फेब्रुवारी १९३० रोजी पदवी मिळवली. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता. ६ एप्रिलला एका सराव सामन्यात धावता धावता त्याच्या बुटाचे खिळे मातीत रुतले आणि गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. पूर्वीचा खेळ पुन्हा कधी परतला नाही. पुढे तो जवळजवळ दहा वर्षे मोठ्या संघांत राहिला. पण राखीव कॅचर म्हणून, बहुतेक वेळ बाकावर बसून.

ही क्रमवारी वाचून कोणी म्हणेल, बरे झाले पदवी घेतली, गुडघ्याचा काय भरवसा! आपल्या घरांतून हाच निष्कर्ष काढला जाईल, याची मला खात्री आहे. तो निष्कर्ष चुकीचा नाही, पण फार लहान आहे. पदवी म्हणजे खेळाचा विमा, एवढाच अर्थ त्यातून निघतो. हिवाळ्याच्या सुट्टीत बर्ग न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरच्या एका वकिली संस्थेत काम करायला जाऊ लागला, पण जीव तिथे रमला नाही. विमा होता आणि तो त्याने वटवलाही. तरी ऊन वाढू लागले की पाय मैदानाकडेच वळत.

दोन्ही प्रवाह एकत्र येतात, अशीही माणसे झाली. जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड न्यूयॉर्ककडून खेळता खेळता १८८५ मध्ये कोलंबियातूनच कायद्याचे पदवीधर झाले आणि त्याच वर्षी त्यांनी खेळाडूंची पहिली संघटना उभी केली. संघमालक खेळाडूला हवे तितके दिवस आपल्या दावणीला बांधून ठेवू शकत, त्या नियमाविरुद्ध ते लढले. ब्रँच रिकी मिशिगन विद्यापीठात कायदा शिकत असताना तिथल्याच बेसबॉल संघाचे प्रशिक्षक होते. पुढे याच रिकींनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केले आणि १९४७ मध्ये मोठ्या संघांतली वर्णभेदाची भिंत पाडली. न्याय म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी वर्गातून मैदानात नेला. पण हे भाग्य प्रत्येकाचे नसते, आणि आवडीला काही थोर हेतू असलाच पाहिजे, अशी अट मी तरी घालणार नाही. आनंद हाही पुरेसा हेतू आहे.

मला या गोष्टीत सर्वांत टोचते ते बर्गच्या वडिलांचे वागणे. त्यांना मुलाचे खेळणे कधीच पटले नाही. मुलगा मोठ्या संघांत पंधरा हंगाम खेळला. घरापासून जवळच, न्यूयॉर्कमध्ये, त्याचे कितीतरी सामने झाले असतील. वडील एकदाही पाहायला गेले नाहीत. त्यांना दुष्ट ठरवू नका. दुकानाच्या गल्ल्यामागे उभे राहून ज्याने घर चालवले, त्याला भर दुपारी चेंडूमागे धावणारी मोठी माणसे पोरकट वाटली तर नवल नाही. त्यांनी मुलाला शिक्षण दिले, मुलाने ते घेतले, नापास झालेला पेपरसुद्धा पुन्हा देऊन पुरे केले. वडिलांचा हक्क मुलाने फेडला होता. तरी वडिलांनी मुलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे डोळे उचलून पाहिले नाही. मुलगा सर्वांना खरे सांगत होता. ऐकायला नेमके घरचेच माणूस नव्हते. आपल्यातल्या पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, अशी विनंती आहे.

बर्गला आदर्श पुरुष म्हणून मी आपल्यापुढे ठेवत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेचा हेर झाला. १९४४ च्या डिसेंबरात झुरिकमध्ये जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या व्याख्यानाला तो खिशात पिस्तूल घेऊन बसला होता. जर्मनी अणुबाँबच्या जवळ पोहोचली आहे असे वाटले तर गोळी घालायची, अशी आज्ञा होती. गोळी झाडण्याची वेळ आली नाही. संघाला आणि प्राध्यापकांना सर्व उघड सांगणाऱ्या तरुणाचे पुढचे आयुष्य गुप्ततेत गेले. युद्धानंतर त्याने स्थिर अशी नोकरी केली नाही. कित्येक वर्षे तो भावाच्या घरी राहिला, मग बहिणीच्या. वकिली हातात होती, ती त्याने केली नाही. कधी कधी वाटते, दोन गोष्टींचा तोल सांभाळणे हीही एक सवय होऊ शकते आणि त्या सवयीत एकीचीही पूर्ण निवड करण्याचे राहून जाते. विद्यार्थीदशेत जे शहाणपण असते, ते पन्नाशीत टाळाटाळ ठरू शकते. हे त्याच्याबद्दल खरे आहे का, हे मी ठरवू शकत नाही. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या बेलविलच्या रुग्णालयात तो गेला, तेव्हा शेवटी त्याने परिचारिकेला विचारले, असे सांगतात, की आज मेट्सचे काय झाले? मेट्स म्हणजे न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ. त्या दिवशी ते जिंकले होते.

आपल्यापैकी कोणी आज कायद्याच्या, वैद्यकीच्या किंवा अन्य कोणत्या शेवटच्या वर्षाला असेल. आपला पहिला पेपर कोणत्या तारखेला आहे, हे घरात सर्वांना पाठ असते, आजीलासुद्धा. आपला सामना, आपली मैफल, आपला नाट्यप्रयोग कोणत्या तारखेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ती तारीख आज रात्री जेवायला बसल्यावर सांगून पाहा. पेपरच्या आदल्या दिवशीची असेल तर तेही सांगा, आणि आपण जाणार नाही असे ठरवले असेल तर तेही. वडील कदाचित काही बोलणार नाहीत, ताटाकडे बघत जेवत राहतील. तरी सांगा.